खरपूस

बटाट्याच्या काचऱ्या हा पाककृतींच्या पुस्तकात चार ओळींत आटोपणारा पदार्थ. फोडणी, तिखट, मीठ, संपले. खरी कसोटी धीराची. चकत्या पातळ हव्यात. सुटलेला स्टार्च धुऊन त्या फडक्यावर कोरड्या कराव्यात, लोखंडी कढईत पसराव्यात आणि झाकण मुळीच ठेवू नये. वाफ कोंडली की काचऱ्यांची निव्वळ भाजी होते. (फ्रिजमधले बटाटे नकोतच, थंडीने त्यांत साखर वाढते आणि कडा शिजण्याआधीच काळवंडतात.)

दृष्टी अधू झाल्यावरही आमच्याकडे काचऱ्या आईच करी. ओलसर चरचर विरून कोरडी कुरकुर ऐकू आली की ती उलथने फिरवी. खरपूसपणा तिला कानांनी कळे. समीक्षेत आपण एखाद्या पुस्तकाचा ‘खरपूस समाचार’ घेतो, तेव्हा या शब्दातला जाळ तेवढा उचलतो. करपण्याच्या अलीकडे थांबण्याचे भान मात्र स्वयंपाकघरातच राहून जाते. ‘करपलेला समाचार’ असे म्हणायला हवे, अशी कितीतरी परीक्षणे मी वाचली आहेत.

आई गेल्यावर कढई माझ्याकडे आली. काचऱ्या टाकल्या की मी पंखा आणि रेडिओ बंद करतो.