पुलावर काठी टेकवू नका

जपानला जातो म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाने काही ना काही सल्ला दिला. कुणी म्हणाले, फुजी पर्वत चुकवू नका; कुणी म्हणाले, त्या वेगवान गाडीत बसाच. शिकोकू बेटाचे नाव मात्र कुणी काढले नाही. ते काढले आमच्या 'ह्यांनी'. निवृत्तीनंतर ह्यांना नकाशे वाचण्याचा नाद लागला आहे. त्या बेटाभोवती फिरणारी एक वाट नकाशात सापडली, तेव्हा चष्मा कपाळावर सारून ते म्हणाले, "अगं, ही तर त्यांची वारी!"

वारी म्हणायला हरकत नाही. जपानात शिंगोन पंथाची स्थापना करणारे कूकाइ (७७४–८३५), लोकांच्या तोंडचे कोबो दाइशी, यांच्या नावाने शिकोकूवर ८८ मंदिरांची परिक्रमा चालते. वाट सुमारे १२०० किलोमीटरची. पायी करायची तर चाळीस-पन्नास दिवस हवेत. यात्रेकरूला 'हेन्‍रो' म्हणतात. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर शंकूसारखी टोपी आणि हातात काठी. ही काठी म्हणजे साक्षात कोबो दाइशी, अशी श्रद्धा. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आधी काठीचे टोक धुवायचे आणि मग आपले पाय. यात्रेकरू एकटा दिसला तरी तो एकटा नसतो. दाइशी त्याच्या सोबत चालत असतात.

आम्ही काही १२०० किलोमीटर चाललो नाही. साठी उलटलेल्या गुडघ्यांना विचारून तीन दिवस पायी आणि बाकी आगगाडीने, असा बेत केला. पंढरीला एस.टी.ने जाणाराही वारकरीच, अशी ह्यांनी मनाची समजूत घातली.

२०१८ च्या एप्रिलमधली गोष्ट. एहिमे प्रांतात ओझू नावाचे गाव आहे. हिजी नदीच्या काठी वसलेले, २००४ साली पुन्हा लाकडात उभारलेला किल्ल्याचा मनोरा मिरवणारे. सकाळी तिथून निघालो. दहा-बारा किलोमीटरवरचे उचिको गाठायचे होते. वाटेत एक लहानसा पूल लागला. ह्यांची काठी टक् टक् वाजत पुलावर चढली, तोच मागून येणारा एक तरुण हेन्‍रो धावत आला आणि त्याने काठी हलकेच वर उचलली. तोडक्यामोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, "झोपलेत ते. खाली."

आम्ही वाकून पाहिले. पुलाखाली खरोखरच दाइशींची पहुडलेली दगडी मूर्ती होती आणि तिच्या अंगावर चक्क रजई पांघरली होती! कथा अशी की, या गावात कोबो दाइशींना कुणी रात्रीचा आसरा दिला नाही. थंडीत त्यांनी या पुलाखाली रात्र काढली. ती एक रात्र त्यांना दहा रात्रींएवढी वाटली. तेव्हापासून हेन्‍रो कुठल्याही पुलावर काठी टेकवत नाहीत. न जाणो, खाली ते झोपलेले असायचे.

पूल ओलांडून थोडे पुढे गेलो, तर एका घराच्या दारात ऐंशीच्या घरातल्या एक आजी उभ्या. चण बारीक, कंबरेत वाकलेल्या, पण डोळे मोठे चपळ. त्यांनी काही न बोलता माझ्या हातात संत्र्यासारखी चार फळे ठेवली. मला वाटले, विकायला बसल्या असतील. मी पर्समधून पाचशे येनचे नाणे काढले आणि त्यांच्यापुढे धरले.

आजींचा चेहरा पडला. आमच्या वर्गात एखाद्या मुलाचे चित्र कुणी फाडले की त्याचा चेहरा जसा होई, तसा. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले, मान लववली आणि त्या आत जाऊ लागल्या. माझ्या हातात एकीकडे फळे, दुसरीकडे नाणे. बत्तीस वर्षे मी शाळेत मुलांना वागायचे कसे ते शिकवले, आणि परदेशात येऊन स्वतःच मूर्खासारखी उभी!

तो तरुण पुन्हा मदतीला आला. याला 'ओसेत्ताइ' म्हणतात, तो म्हणाला. यात्रेकरूला गावकरी फळ, चहा, कधी पैसेही देतात. तो नाही म्हणत नाही, किंमतही देत नाही. "हे तुम्हाला दिलेलं नाहीच. तुमच्याबरोबर जे चालताहेत, त्यांना दिलंय."

मला एकदम माझ्या सासूबाई आठवल्या. नाना पेठेत आमचे जुने घर होते. पालख्या पुण्यात आल्या की सासूबाई पहाटेपासून दारात चहाचे पातेले घेऊन बसत. येईल त्याला "माउली, घ्या" म्हणून पेला देत. एखाद्या वारकऱ्याने त्यांना चहाचे पैसे विचारले असते तर? बोलल्या काहीच नसत्या. पण त्या दिवशी जेवल्या नसत्या.

मी नाणे पर्समध्ये टाकले, दारापाशी गेले, दोन्ही हात जोडले आणि एक फळ तिथेच सोलून खाल्ले. रस हनुवटीवर ओघळला. आजी हसल्या. मग त्या तरुणाने आम्हाला आणखी एक रीत सांगितली: ओसेत्ताइ घेतल्यावर आपले नाव-गाव लिहिलेली कागदाची पट्टी द्यायची. पट्ट्यांचा गठ्ठा ह्यांच्याजवळ होताच. मी पुण्याचा पत्ता लिहून दिला. आजींनी तो कपाळाला लावला आणि आम्हा तिघांनाही आत बोलावले.

चपला उंबऱ्याशी काढून आत गेलो. ह्यांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होते, ते जगजाहीर झाले. आजींनी जेवायला वाढले. मऊ भात, लोणचे आणि वाफाळते मिसो सूप. सुपाला माशांचा वास येताच माझा घास अडला. एकदा नाही म्हणून चुकले होते, दुसऱ्यांदा कसे म्हणणार? पण त्या तरुणाने काय सांगितले कोण जाणे, आजींनी कपाळावर हात मारला, वाटी उचलली आणि आणखी भात वाढला. मी पिशवीतून मेतकुटाची पुडी काढून भातावर भुरभुरवली. आजींनी चिमूटभर चाखले, आणि फडताळातून त्यांचे भातावर भुरभुरवायचे 'फुरिकाके' काढून माझ्यापुढे ठेवले. दोघींना एकमेकींचे काही कळत नव्हते, पण मेतकूट कळले!

भिंतीवर एक पट टांगला होता. पांढऱ्या वर्तुळात कमळ आणि कमळावर एकच अक्षर. आजींनी त्याकडे बोट दाखवून म्हटले, "आ." माझ्या अंगावर काटा आला. शिंगोन पंथात 'अ' या अक्षराचे ध्यान करतात. ते अक्षर सिद्धम् लिपीतले, म्हणजे आपल्या देवनागरीच्या जुन्या भावंडाचे. कूकाइ ८०४ साली चीनला गेले आणि तिथे संस्कृत शिकून परतले. तेव्हापासून ही अक्षरे जपानात नांदताहेत. जपानी मुले आजही आ, इ, उ, ए, ओ म्हणून मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असे घोकतात. हा क्रम आपल्या बाराखडीशी मिळतो, कारण तो त्या अभ्यासातूनच आला आहे.

मी कागद मागितला आणि त्यावर, शाळेत फळ्यावर काढत असे तसा, मोठा 'अ' काढला. आजींनी पेन्सिल घेऊन तो गिरवला. एकदा, दोनदा, पाचदा. चौथ्या खेपेला त्यांची काना देण्याची जागा चुकली, तेव्हा मी सवयीने त्यांचा हात धरून गिरवून घेतला. ऐंशी वर्षांची विद्यार्थिनी मला प्रथमच मिळाली होती.

निघताना मी विचारले, "रोज असं कुणालाही घरात घेता?" तरुणाने उत्तर सांगितले: "आमच्या गावाने एकदा एकाला दारातून परत पाठवलं. ती चूक अजून फेडतोय आम्ही."

घरी परतलो. जुलैत पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, त्याच सुमारास दूरदर्शनसंचावर पश्चिम जपानातल्या महापुराची दृश्ये दिसू लागली. हिजी नदीचे पाणी ओझूत शिरले होते. पुढे कळले, त्या पावसाने पश्चिम जपानात दोनशेहून अधिक माणसे गेली. आजींचे घर सखल भागातले. माझ्याजवळ त्यांचा दूरध्वनी नव्हता, नावही नव्हते. पत्ता त्यांच्याकडे माझा होता. त्यांचा मी घेतलाच नव्हता. त्या दिवशी मी दारात चहा घेऊन बसले. सासूबाईंनंतर आमच्या घरात ते बंदच झाले होते. एका म्हाताऱ्या वारकरीणबाईने पेला हातात घेऊन विचारले, "माउली, डोळ्याला पाणी का गं?" काय सांगणार?

सप्टेंबरात एक पोस्टकार्ड आले. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची वाण नाही. शेजारच्या मुलीने वाचून दाखवले. पाणी खालच्या मजल्यावर छातीएवढे चढले होते. आजी माडीवर होत्या. तातामीच्या चटया, फडताळ, भिंतीवरचा पट, सगळे गेले. "मात्र तुमचा कागद माडीवर उशाशी होता. तो आता भिंतीवर लावला आहे." खाली पेन्सिलीने एक 'अ' काढला होता. काना जागच्या जागी होता.

ते पाचशे येनचे नाणे अजून आमच्या देव्हाऱ्याच्या खणात आहे. ह्यांच्या जमाखर्चाच्या वहीत ते शिल्लक म्हणून दाखवलेले आहे. मी ते देणे म्हणून मांडायला सांगते, पण हे ऐकत नाहीत.