शुद्धिपत्र

शाळेत असताना माझ्या अक्षराची फार वाखाणणी होई. वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीवर पहिला 'श्री' काढण्याचा मान बाबूजी मलाच देत. त्याच अक्षराने माझ्या हातून एक चूक करविली. तिला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. परवा नातीच्या शाळेने 'गट प्रकल्प' दिला. पाच मुलींनी कामे वाटून घेतली आणि ज्या मुलीचे अक्षर सुंदर तिने शेवटी सर्व मजकूर लिहून काढावा असे ठरले. ते ऐकले आणि ती चूक पुन्हा समोर उभी राहिली.

१९७२-७३ हे वर्ष. मी नांदेडच्या एका मराठी शाळेत नववीत होतो. घरात आम्ही मारवाडी बोलत असू; पण लिहिण्यावाचण्याची माझी भाषा मराठीच झाली. मोंढ्यात आमचे धान्य-किराण्याचे दुकान होते. बाबूजी आणि दोन काका मिळून ते चालवीत. खेड्यांतली कुळे वर्षभर उधारीवर माल नेत आणि सुगीनंतर खाते चुकते करीत. अडीनडीला एखादा चांदीचा डाग ठेवूनही धान्य नेत.

मराठीच्या तासाला एक धडा चालू होता. त्यात गरीब शेतकऱ्याची जमीन गिळणारा सावकार होता. सर वाचत असताना मागच्या बाकावरून कोणीतरी माझ्या आडनावाचा पुकारा केला. वर्ग हसला. मीही हसलो, पण नंतर मान वर करवेना. सरांनी पुस्तक मिटले. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत.

सर वाचनाचे व्यासंगी होते. नरहर कुरुंदकर तेव्हा पीपल्स कॉलेजात होते. गावात त्यांचे व्याख्यान असले की सर आम्हां मुलांना आवर्जून पाठवीत. एखादा शब्द धरून विचाराच्या मुळापर्यंत जाण्याची सवय सरांनाही होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर 'साव' हा शब्द लिहिला. संस्कृत 'साधु' प्राकृतात 'साहु' झाला आणि मराठीत 'साव'. चोराच्या उलट तो साव. मग ज्या नावात साव आहे, त्याच नावाचा माणूस धड्यात दुष्ट का ठरावा, असे त्यांनी विचारले.

उत्तर त्यांनी दोन गोष्टींतून दिले. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारी शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जाची खतपत्रे जाळली. हे लोण पुणे-अहमदनगर भागातल्या अनेक गावांत पसरले. पुढे १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला आणि १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. दुसरी गोष्ट त्याहून अडीचशे वर्षे जुनी. देहूचे तुकोबा दुकानदारच होते. घरात महाजनकी होती, सावकारी होती. मोठा दुष्काळ पडला, घरची माणसे गेली. पुढे त्यांनी कर्जखतांचे दोन वाटे केले, धाकट्या भावाचा, कान्होबांचा, निम्मा वाटा त्यांच्या हवाली केला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते.

"एकीकडे कुळांनी खते जाळली, दुसरीकडे धन्याने स्वतःच बुडविली. फरक काय, ते घरून लिहून आणा," सर म्हणाले. मी दोन पाने लिहिली. मात्र आमच्या दुकानातली वही या दोहोंपैकी कोणाच्या बाजूची, हे लिहिण्याचे धैर्य झाले नाही.

त्या वर्षीचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वर्णनाची गरज नाही. रेशनवर तांबडी मिलो मिळे. १९७३च्या मे महिन्यापर्यंत महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरील माणसांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. शाळेच्या हस्तलिखिताचा विषय साहजिकच 'दुष्काळ' ठरला. आमच्या पाच जणांच्या गटाकडे 'कामावरची माणसे' हा विभाग आला. एकाने चित्रे काढायची, दोघांनी माणसांना बोलते करायचे, एकाने टिपणे घ्यायची आणि मी पक्की प्रत लिहायची.

लोहा रस्त्याला तलावाचे काम चालू होते. सायकली काढून आम्ही तेथे गेलो. माणसे सुखडीच्या वाटपासाठी रांगेत बसली होती. खडी फोडणारी एक बाई मोकळेपणाने बोलू लागली. मोंढ्यातल्या दुकानाचे तिने नाव घेतले. ते आमचेच होते.

"शेटजींनी जवारी दिली, खोटं कामून बोलू? पर पायातले तोडे तिथंच ठेवावे लागले. मोकळ्या पायानं घरी आले तं सासू रडली."

टिपणे घेणाऱ्या मित्राने माझ्याकडे एकदा पाहिले आणि तिचे बोलणे जसेच्या तसे लिहून घेतले. परतताना तो त्याविषयी एक अक्षरही बोलला नाही.

पक्की प्रत मी घरी बसून लिहिली. 'शेटजींनी जवारी दिली' एवढे उतरविले आणि पुढची दोन वाक्ये सोडून दिली. वहीच्या भाषेत सांगायचे तर जमा बाजू घेतली, नावे बाजू गाळली. दुकानाचे नाव मात्र ठळक लिहिले.

स्नेहसंमेलनात हस्तलिखित मांडले गेले. माझ्या अक्षराची स्तुती झाली. बाबूजी ते पान उभ्याने वाचून घरी आले आणि रात्री जेवण झाल्यावर त्यांनी विचारले, "बेटा, ती बाई एवढेच बोलली?" तोडे कोणत्या थैलीत आहेत, हे त्यांना पाठ होते. मी खरे सांगितले. ते रागावले नाहीत. "गुरुजींना जाऊन सांग," इतकेच म्हणाले.

सरांनी शांतपणे ऐकून घेतले. छापील पुस्तकाला असते तसे शेवटी शुद्धिपत्र जोड, असे त्यांनी सुचविले. मी लिहिले: 'पुढील मजकूर लिहिताना राहून गेला.' सरांनी 'राहून गेला' यावर रेघ मारली आणि वर लिहिले, 'मी गाळला'. ते पान मी वर्गासमोर चिकटविले. ज्या मित्राने टिपण घेतले होते, त्याने डिंकाची बाटली पुढे केली.

धीर करून मी बाबूजींना विचारले, तुकोबांनी खते बुडविली, मग आपण त्या बाईचे तोडे परत का देऊ नयेत? ते थोडा वेळ थांबले. "तुकोबांनी भावाचा वाटा बुडविला नव्हता. या दुकानात तुझ्या दोन काकांचा वाटा आहे. त्यांच्या मुद्दलावर दानशूर होण्याचा मला अधिकार नाही." मात्र त्यांनी तिच्या खात्यावरचे सारे व्याज स्वतःच्या उचलीत नावे टाकले. ती नोंद करताना मला शेजारी बसविले.

१९७३चा पाऊस चांगला झाला. सुगीनंतर ती बाई पैसे घेऊन आली. तोडे तिच्या हाती द्यायला बाबूजींनी मला सांगितले. तिने दुकानाच्या पायरीवर बसूनच ते पायांत घातले. त्या दिवशी कामावर आलेल्या मुलांपैकी मी एक आणि या दुकानाचाच मुलगा, हे मी तिला सांगितले. ती संकोचेल असे वाटले होते. "मंग? खरंच तं बोलले होते मी," असे म्हणून ती उठली आणि निघून गेली.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत 'कूटलेखक्रिया' हा एक. खोटा लेख करणे असा त्याचा अर्थ. मी तर एकही अक्षर खोटे लिहिले नव्हते. जे लिहिले ते सर्व खरे होते, आणि तरीही पान खोटे झाले होते. पुढे एम.कॉम. झालो, बँकेत आयुष्य गेले, शेतकऱ्यांची कर्जप्रकरणे पाहिली. 'नजरचुकीने राहून गेले' असा शेरा कागदावर दिसला की सरांची ती रेघ आठवे.

आपल्या घरांतून अनेकदा ऐकू येते की मुलाला व्यापारातच जायचे, त्याला धडे-कवितांचा काय उपयोग? मला दोन्ही बाजूंची नोंद करण्याचा पहिला धडा मराठीच्या तासाला मिळाला, हिशेबाच्या तासाला नव्हे. आपण स्मरणिकांमधून पूर्वजांच्या धर्मशाळा, पाणपोया आणि दुष्काळातले धान्यवाटप अभिमानाने छापतो. ते खरेच असते. पण त्याच वर्षी तिजोरीत कोणाचे तोडे होते, हेही एखाद्या नातवाने लिहावे. त्याने पूर्वज लहान होत नाहीत.

नातीला मी एवढेच सांगितले: पक्की प्रत लिहून झाली तरी मैत्रिणींची कच्ची टिपणे फेकू नकोस. कच्च्या वहीशी ताडून पाहिल्याशिवाय पक्की वही मिटायची नाही, अशी आपल्या दुकानाची जुनी रीत आहे.