ठासणीची

भोकरदन-जाफराबादकडच्या एखाद्या जुन्या घरी गेलात आणि माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी झालेली, काळपट, लांबच लांब बाई दिसली तर दचकू नका. घरधन्याला विचारा. तो तिला बंदूक म्हणायचा नाही. ‘ठासणीची हाये,’ एवढंच सांगेल आणि चहा टाकायला सांगायला आत जाईल. सरकारदरबारी तिचं नाव साहेबी थाटाचं आहे. परवान्यावर ‘एसबीएमएल’ असं लिहिलेलं असतं. एकच नळी, आणि तीही तोंडाकडून भरायची. ओळख म्हणून एवढं पुरे, पण एवढ्याने ही समजणारी नव्हे.

पहिला गुण खाण्याचा. दुनळीसारखी मोडून, मागून काडतूस सरकवून घेणारी ही नाही. हिला वाढावं लागतं, आणि पंगतीचा क्रम पाळावा लागतो. आधी दारू, मग चिंधीचा बोळा, गजाने ठासणं, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणं, आणि अगदी शेवटी घोड्याखाली टोपी. क्रम चुकला की संपलं. अंधारात मक्यात डुकरं घुसल्याची चाहूल लागते, मालक घाईघाईने आधी छर्रे ओततो आणि वरून दारू. घोडा पडतो, ‘टक्’ असा आवाज होतो, आणि बाई ढिम्म. डुकरं निवांत मका खातात. सकाळी पारावर चौकशी होणारच: ‘काहून आबा, रात्री वाजली नाही का तुमची?’ आबा म्हणतात, ‘दारू सर्दाळली व्हती.’ सगळ्यांना खरं काय ते ठाऊक असतं, पण आबांच्या वयाकडे बघून कुणी पुढे बोलत नाही. मग दिवसभर गजाला पेचाचं टोक लावून तो बोळा उपसत बसायचं. इतर बंदुका माणसाला चपळ करतात, ही त्याला सोशीक करते.

सर्दाळण्याचं कारण मात्र अगदीच खोटं नसतं. पावसाळ्यात हिचा मूड जातो. हवेतला ओलावा दारूत उतरतो, टोपी फुटते, दारू नुसतीच फुसफुसते. कधी चाप ओढल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि नेमकं ‘गेली वाटतं’ म्हणून नळी खाली करावी तेव्हा धडाम. म्हणून जुनी माणसं बार फुसका निघाला तरी नळी रानाकडेच धरून बराच वेळ उभी राहत. हिच्यावर रागावून चालत नाही, हिची वाट पाहावी लागते.

आता घराण्याचा तोरा. जालना जिल्ह्यातल्या ठासणीचीला तो असायला कारण आहे. याच जिल्ह्यातल्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. कैलना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात झालेली ती लढाई इंग्रज जिंकले, पण त्यांची दीड हजारांवर माणसं मारली गेली किंवा जायबंदी झाली तेव्हा. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपासून हलले नाहीत. काही तर मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पलटण पुढे सरकल्यावर उठून त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागू लागले. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याने वॉटर्लूला नेपोलियन हरवला. पण लढाईतली आपली सर्वांत चांगली कामगिरी कोणती असं विचारल्यावर त्याने नाव घेतलं ते असईचं. त्या दिवशी शिपायांच्या खांद्यावर होती ती हिचीच थोरली बहीण, चकमकीची. कागदाच्या पुडीचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी आणि कागद वरून ठासायचा. कवायतीत मुरलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. आपल्या आबांना एका बाराला विडी ओढून होते.

थोरलीची चकमक जाऊन धाकटीच्या डोक्यावर टोपी आली, त्याला एक पाद्री जबाबदार आहे. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ यांना पाखरं मारायचा नाद. चकमकीची ठिणगी आधी दिसायची, बार मागून निघायचा, आणि मधल्या वेळात पाखरू पसार. पाद्रीबुवांनी वैतागून ठोका बसताच पेटणाऱ्या मसाल्याची युक्ती काढली आणि 1807 मध्ये तिचं पेटंट घेतलं. तांब्याची टोपी त्या युक्तीतूनच पुढे आली. असईनंतर चार वर्षांनी पेटंट झालेल्या युक्तीतून आलेली ही सोय अंगावर घेऊन आमची बाई थांबली ती थांबलीच. मागून भरायच्या बंदुका आल्या, काडतुसं आली, पुढे काय काय आलं. हिने ढुंकून पाहिलं नाही.

हिचा खरा लाड पूर्वी व्हायचा तो शिशाच्या दिवशी. तो सोहळा पाहिलेली माणसं अजून गावोगाव सापडतात. सुगी उरकली की मोकळ्या अंगणात तीन दगडांची चूल मांडायची. लोखंडी पळीत जुन्या जाळ्याचे मणी, मोडक्या नळाचे तुकडे असं जमवलेलं शिसं टाकायचं. शिसं गरीब धातू. 327 अंशांवर पाणी होतं. जालन्याच्या एमआयडीसीतल्या भट्ट्यांना भंगार वितळवायला दीड हजार अंशांच्या वर जावं लागतं, इथे बाभळीच्या चार फाट्यांत काम होतं. वर काळी साय धरते, ती काठीने बाजूला केली की खाली आरसा.

गोळ्यांचा साचा अडकित्त्यासारखा असतो: दोन दांड्या आणि मिटल्यावर तोंडात गोल पोकळी. पहिल्या दोन-चार गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, कारण साचा अजून थंड असतो. त्या मुकाट्याने परत पळीत जातात. साचा तापला की गोळी गुळगुळीत, चकचकीत येते. फार तापला की तिच्यावर भुरकट कळा येते. साचा उघडून फडक्यावर गोळी पाडायची, तिची शेंडी सुरीने छाटायची आणि ती शेंडीही परत पळीत. काही वाया जात नाही. पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही हा नियम, कारण पळीत पाण्याचा एक थेंब पडला तरी शिसं उसळून तोंडावर येतं. घरातल्या बाईची एक अट असायची: ती पळी परत स्वयंपाकघरात यायची नाही. तिचं म्हणणं डॉक्टरांच्या आधीचं आणि डॉक्टरांइतकंच बरोबर होतं. शिसं पोटात गेलं तर लेकरांच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि त्याची वाफ-धूळही चांगली नव्हे. बॅटरीच्या शिशाच्या वाटेला तर शहाणा माणूस तेव्हाही जात नसे.

त्या अंगणातला एक हिशेब अजून हयात आहे. बाराबोरी घ्या. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्या नळीत चपखल बसेल ती बारा बोर. ठासणीची हे ऐकून गालातल्या गालात हसत असणार. काडतुसाच्या तोऱ्यात वावरणाऱ्या भावजयीचं माप निघालं ते शेवटी चुलीवरच्या शिशातूनच.

अमेरिकेत हा उद्योग हौस म्हणून चालतो. वापरलेली काडतुसं गोळा करायची, गॅरेजमध्ये यंत्र मांडायचं, तोळा-माशाच्या काट्यावर दारू मोजायची, शिशाच्या गोळ्या ओतायच्या, आणि रविवार कारणी लावायचा. एकेक बार आपल्या हातचा असावा, यासाठी माणसं तिथे चांगला पैसा मोजतात. आमच्या ठासणीचीच्या मालकाला हा रविवार फुकटात मिळत होता, आणि त्याला तो कटकट म्हणत होता. आता तोही राहिला नाही. दारूगोळा तयार करायला शस्त्र कायद्याच्या कलम 5 खाली परवाना लागतो, घरी दारू कुटणं तर उघड गुन्हा. छर्रे, दारू, टोप्या परवान्यावर नोंद करून दुकानातून आणायच्या. साचा माळ्यावर पडून आहे.

कायद्याचं आणि हिचं नातं मोठं मजेशीर आहे. 1959 चा शस्त्र कायदा भल्याभल्या बंदुकांकडे संशयाने बघतो, पण हिच्यासाठी त्याने कलम 13 मध्ये जागा राखली. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी कुणी ठासणीची मागितली तर परवाना द्यावा असं तिथे म्हटलं आहे. आणि ठासणीची पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच शेतकऱ्याला दुसऱ्या बंदुकीचा परवाना द्यावा. म्हणजे हिची कुवत किती, यावर खुद्द संसदेने विचार केलेला आहे. सूनबाईच्या हाताला चव आहे असं सासूने लिहून द्यावं, तसली ही दुर्मीळ शिफारस.

पण त्याच संसदेने 1972 मध्ये वन्यजीवांचा कायदाही केला. रानडुक्कर असो की रोही, वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही. काळवीट तर पहिल्या अनुसूचीतलं, त्याच्याकडे नळी वळवण्याचा विचारही करू नये. मग पीक राखायचं कसं? ओरडून. ठासणीचीचं उरलेलं काम म्हणजे ओरडणं, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. काडतुसाची बंदूक फाटकन वाजते. ही आधी खाकरते, मग गरजते, मग पांढऱ्या धुराचा लोट सोडते. गंधकाचा वास मळ्यावर बराच वेळ रेंगाळतो. डुकरांना आवाजापेक्षा तो वास जास्त लागत असावा, असं आपलं माझं मत. नेम लागला की नाही, हे धूर विरेपर्यंत मालकालाही कळत नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपला नेम लागलाच होता असं सांगता येतं.

एवढं गरजल्यावर बाईला न्हायला लागतं. काळ्या दारूची राख नळीत चिकटून बसते, ओल धरते आणि एका रात्रीत गंज चढवते. म्हणून आल्याआल्या गरम पाणी, चिंध्या, पुन्हा गरम पाणी, मग कोरडं फडकं आणि शेवटी तेलाचा हात. घरात आबांना स्वतःच्या आंघोळीला पाणी कोमट चालतं, हिच्यासाठी मात्र कढत लागतं. यावरून घरात काय बोललं जातं ते मी लिहीत नाही.

निवडणूक लागली की बऱ्याचदा हिला ठाण्यात जमा व्हावं लागतं. आचारसंहितेच्या काळात पोलीस परवानाधारकांना शस्त्रं आणून द्यायला सांगतात. मालखान्यात गळ्यात चिठ्ठी अडकवून ती पिस्तुलांच्या आणि दुनळ्यांच्या शेजारी उभी राहते. मतमोजणी झाली की आबा पावती घेऊन जातात आणि तिला पोत्यात गुंडाळून एसटीने घरी आणतात.

भावकीत सगळेच सरळ नाहीत. कोकणात हिचा गोतावळा मोठा, पण त्यातल्या बिनपरवाना बहिणी चोरट्या शिकारीला जातात आणि वर्तमानपत्रात नाव घालवतात. आणि अलीकडे एक उनाड भाचा निघालाय: पाइपात कार्बाइड घालून माकडं हाकलायची कार्बाइड गन. त्याला ना परवाना, ना क्रम, ना धीर. 2025 च्या दिवाळीत भोपाळमध्ये हीच खेळणं म्हणून विकली गेली आणि कित्येक पोरांचे डोळे दुखावले. ठासणीचीला कुणी या भाच्याशी तोलू नये.

ती स्वतः तरी कुठे निर्धोक आहे म्हणा. मालक जातात, परवाना मात्र वारसाहक्काने आपोआप पोराच्या नावावर होत नाही. वारसाने अर्ज करावा लागतो, नाहीतर शस्त्र जमा करावं लागतं. आणि हिची सगळ्यात वाईट खोड अशी, की पोट भरलेलं आहे हे ती कुणाला सांगत नाही. शेवटच्या वेळी आबांनी ठासून ठेवली असेल आणि डुक्कर आलंच नसेल, तर ती दारू नळीत वर्षानुवर्षं तशीच बसून राहते आणि कोरडी असली तर पेटतेही. तुमच्या माजघरात अशी बाई आडवी झालेली असेल तर तिला शोभेची समजून पोरांच्या हातात देऊ नका, नळीत डोकावू नका, चाप ओढून बघू नका. ती भरलेलीच आहे असं धरून चाला, पोलीस ठाण्यात कळवा आणि परवाना असलेल्या शस्त्रदुरुस्तीवाल्याकडून ती आधी रिकामी करून घ्या.