दिल्ली पोस्टिंग : चित्र काढून पोट भरतं का?



दिल्ली कँटला आल्यापासून इथे काही लिहिलं नव्हतं. नावाला पीस स्टेशन, पण सकाळच्या पीटीपासून संध्याकाळच्या रोल कॉलपर्यंत दिवस कुठे जातो कळत नाही. आज लिहायला बसलोय तो घरातल्या एका भांडणामुळे. आता ते मिटलंय, म्हणून सांगायला हरकत नाही.

माझा थोरला बारावीला आहे. दिवाळी झाल्यावर एका रात्री जेवताना तो म्हणाला, "पप्पा, मला इंजिनिअरिंग नाही करायचं. बीएफए करायचंय."

"ते काय असतं?"

"चित्रकलेची डिग्री. चार वर्षांची."

जेईईचा फॉर्म भरून झाला होता, क्लासची फी गेली होती. माझं रिटायरमेंट दोन वर्षांवर आलंय. हातातली भाकरी तशीच ठेवून मी म्हणालो, "चित्र काढून पोट भरतं का?"

बोललो आणि गप्प झालो. कारण हे वाक्य माझं नव्हतं, माझ्या वडिलांचं होतं. २६ वर्षांपूर्वी माण तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून त्यांनी ते आमच्या चित्रकलेच्या सरांना ऐकवलं होतं. मला इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळाली होती. सर सायकलवरून घरी आले आणि म्हणाले, पोराला दहावीनंतर कोल्हापूरला पाठवा, हात चांगला आहे. त्या वर्षी पाऊस नव्हता, जनावरं छावणीत होती. वडिलांनी सरांना चहा पाजला आणि एवढंच विचारलं. सरांकडे उत्तर नव्हतं. पुढे मी भरतीला उभा राहिलो, १६०० मीटर धावलो आणि खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या सेंटरमध्ये दाखल झालो. ट्रेड मिळाला पेंटर अँड डेकोरेटर.

सॅपर मंडळींना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. फौजेत ज्याच्या हातात ब्रश असतो त्याला सुट्टी नसते. गाड्यांवरचे नंबर, टॅक साइन, गेटवरचा बोर्ड, क्वार्टर गार्डवरचं निशाण, बडाखान्याचा पडदा, सगळं त्याच्याकडे. एक्सरसाइजच्या आधी सँड मॉडेल त्यानेच करायचं. नकाशावर चौकटी पाडायच्या, जमिनीवर सुतळी ताणून तेवढ्याच चौकटी मोठ्या करायच्या आणि ज्या घरात जे असेल ते त्याच घरात उतरवायचं. नदीला निळा भुसा, झाडीला हिरवा, रस्त्याला चुना. सीओ साहेब काठी घेऊन उभे राहिले की त्यांना डोंगर दिसला पाहिजे, माझी कला नव्हे. हे काम मी २४ वर्षं केलं. पगार वेळेवर मिळाला, घर बांधलं, बहिणींची लग्नं केली. पण मी कधी स्वतःला चित्रकार म्हणवून घेतलं नाही. मनात ठरवलं होतं की ते दार वडिलांनी बंद केलं. आणि आता तेच दार मी पोराच्या तोंडावर लावत होतो.

महिनाभर घरात अबोला. आमच्या मंडळींनी मध्यस्थी करून पाहिली, जमलं नाही. मग डिसेंबरात सासरे आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे जुने शिपाई, १९७१ ची लढाई केलेले. त्यांना नॅशनल वॉर मेमोरियल बघायचं होतं. शेवटच्या रविवारी धुकं जरा उठल्यावर आम्ही निघालो. आबांचा नातू सोबत होता, माझ्याशी न बोलता.

मेट्रोने सेंट्रल सेक्रेटेरिएटला उतरून कर्तव्य पथावरून चालत गेलो. इंडिया गेटच्या मागे २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालेलं हे स्मारक वर्तुळात वर्तुळ अशा रचनेचं आहे. मधोमध अमर चक्रात स्तंभ आणि ज्योत, मग वीरता चक्र, मग त्याग चक्र, बाहेरून झाडांचं रक्षक चक्र. त्याग चक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या विटा आहेत आणि प्रत्येक विटेवर एका शहीद जवानाचं नाव. २५ हजारांहून जास्त नावं. आबा काठी टेकत एका भिंतीपाशी बराच वेळ थांबले. त्यांना कोणाचं नाव हवं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी अक्षरं बघत होतो. युनिटच्या ऑनर बोर्डवर अशी नावं मीही रंगवली आहेत. त्यातलं एक माझ्याच बॅरेकमधल्या मुलाचं होतं. त्या दिवशी मी एका ओळीला तीन तास घेतले होते.

वीरता चक्राच्या गॅलरीत सहा ब्राँझची भित्तिशिल्पं आहेत. तिथवाल, रेझांग ला, गंगासागर, लोंगेवाला, ऑपरेशन ट्रायडेंट, ऑपरेशन मेघदूत. गंगासागरसमोर आबा उभे राहिले. पूर्वेकडची लढाई, १९७१ ची. बोटाने हवेत एक रेघ ओढून म्हणाले, "पाव्हणं, हे ज्यानं केलं त्यो फौजी हुता काय?"

मी सांगितलं, नाही आबा. आपल्याच महाराष्ट्रातला माणूस. राम सुतार. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. गेल्या पंधरवड्यातच नोएडात वारले. शंभरी ओलांडली होती.

"सुतार म्हंजे खरंच सुताराचं प्वार?"

"हो. वडील सुतारकामच करायचे."

"मग ह्ये असलं कसं जमलं त्याला?"

आता पोरगाही जवळ येऊन उभा राहिला होता. मला जे ठाऊक होतं ते मी आबांना सांगू लागलो, खरं तर त्यालाही.

राम सुतारांचा जन्म १९२५ चा. शाळेत श्रीराम कृष्ण जोशी नावाचे गुरू भेटले, त्यांनी हात ओळखला आणि मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टपर्यंत पोहोचायला मदत केली. तिथे १९५३ मध्ये त्यांना मेयो सुवर्णपदक मिळालं. पण सुवर्णपदकावर भाकरी भाजता येत नाही. त्यांनी नोकरी धरली. १९५४ पासून चार वर्षं औरंगाबादला पुरातत्त्व खात्यात होते, वेरूळच्या जुन्या मूर्तींच्या डागडुजीचं काम. दुसऱ्याने हजार वर्षांपूर्वी केलेल्या मूर्तीचा तुटलेला भाग सांधायचा, आणि सांधा दिसता कामा नये. त्यात स्वतःचं नाव कुठेच नाही. नंतर दिल्लीला आले ते माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या जाहिरात विभागात. म्हणजे तीही सरकारी नोकरीच. पुढे ती सोडली आणि मग स्वतःच्या हिमतीवर कामं घेतली. मध्य प्रदेशात गांधीसागर धरणावर चंबळ नदीचं ४५ फुटी शिल्प आहे, आई आणि तिची दोन लेकरं, एक मध्य प्रदेश आणि एक राजस्थान. त्या कामाने नाव झालं. संसदेच्या आवारातले ध्यानस्थ गांधीजी त्यांचे. गुजरातमधला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा त्यांच्या डिझाइनचा. तो २०१८ मध्ये उभा राहिला तेव्हा त्यांचं वय ९३ होतं.

आबा म्हणाले, "म्हंजे आधी नोकरी, मग नाव."

पोरगा महिन्याभराने पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "पण पप्पा, नोकरी पण त्यांनी हाताचीच केली ना? क्लार्कची नाही केली."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या ओट्यावर सरांकडे नव्हतं, तसंच.

परमयोद्धा स्थळावर परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. आमच्या बॉम्बे सॅपर्सच्या राणे साहेबांसमोर मी कडक सॅल्यूट केला. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे. १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरीच्या वाटेवर गोळ्यांच्या माऱ्यात सुरुंग काढत, अडथळे बाजूला करत त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला. आणि ज्या पदकासाठी हे सगळे ओळखले जातात त्या पदकाचं चित्रही कुणीतरी कागदावर काढलेलंच आहे. सावित्रीबाई खानोलकर, जन्माने स्वित्झर्लंडच्या, लग्नाने मराठी फौजी घरातल्या. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्यांना सांगितलं आणि त्यांनी इंद्राच्या वज्राचं ते डिझाइन केलं. बाईंची ती नोकरी नव्हती. तरी सांगितलं ते नेमकं करून दिलं, आणि आज ते प्रत्येक फौजीला पाठ आहे.

बाहेर लॉनवर शेंगा घेऊन बसलो. आबांनी नातवाला विचारलं, "तुला कुणी पैसं दिलं का रं कधी चित्राचं?"

तो माझ्याकडे बघत कचरला. मग म्हणाला, "दोन हजार. एका मिठाईवाल्याच्या बॉक्सचं डिझाइन केलं, दिवाळीत."

मला हे माहीतच नव्हतं. मी विचारलं, "एकदाच केलंस आणि दिले?"

"नाही. तीनदा परत पाठवलं. पहिल्यांदा म्हणाला लाडू छोटे दिसतात. मग म्हणाला लाल रंग छपाईत काळा येतो. मग गणपतीच बदला म्हणाला. दोन रात्री जागलो."

"राग नाही आला?"

"आला. पण बॉक्स त्याचा होता ना."

मंडळी, खरं सांगतो, त्याच्या वहीतली चित्रं बघून मला कधी पटलं नव्हतं ते या एका वाक्याने पटलं. चांगला हात गावोगाव असतो. आमच्या शाळेत माझ्यापेक्षा सरस दोघं होते. पण काढलेलं चित्र दुसऱ्याच्या कामाचं आहे, त्याला तारीख आहे, माप आहे, आणि ते परत आलं तर पुन्हा काढायचं, हे ज्याला झेपतं त्याचं पोट चित्रावर भरतं. वेरूळला मूर्ती सांधणारा हेच करत होता. सँड मॉडेलवर भुसा टाकणारा मीही हेच करत होतो. २४ वर्षं ब्रशवरच माझं घर चाललं, आणि तरी मी पोराला विचारत होतो की पोट भरतं का.

घरी येऊन आम्ही दोघं बसलो. फौजी पद्धतीने अटी ठरल्या. बारावी नीट पास व्हायची, कारण कॉलेज कुठलंही असो, दार तिथूनच उघडतं. जेईईचा फॉर्म भरलाय तर पेपर द्यायचा, पण त्यासाठी रात्री जागायचं नाही. महाराष्ट्राची कला शाखेची सीईटी द्यायची. पहिलं वर्ष फाउंडेशनचं असतं, त्यात सगळं शिकवतात. पुढे अप्लाइड आर्ट घ्यायचं की दुसरं काही, ते तेव्हा बघू. फीचा हिशेब मी कागदावर मांडून त्याला दाखवला, काही लपवलं नाही. धाकटीच्या शिक्षणाला हात लावणार नाही, हेही सांगितलं. त्याने एक अट घातली. मी त्याला हाताने अक्षरं काढायला शिकवायची. कंप्युटरवर फॉन्ट मिळतात, पण त्याला अक्षराची बांधणी हातातून कळायला हवी आहे म्हणे.

रिटायर झालेल्या किंवा व्हायला आलेल्या भावांना एवढंच सांगेन. घरातलं पोर वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढत असेल तर लगेच वही फाडू नका आणि लगेच कॉलेजची फीही भरू नका. आधी त्याला दुसऱ्याचं एक काम मिळवून द्या. लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, मंडळाचा फलक, काहीही. काम परत आल्यावर तो काय करतो ते बघा. डिग्रीची ऐपत नसेल तर आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा कोर्स आहे, शाळेत शिकवायचं असेल तर आर्ट टीचर डिप्लोमा आहे. आणि उंची, छाती बसत असेल तर सॅपर्समध्ये ब्रशला अजून काम आहे.

परवा मी काळी ट्रंक उघडली. तळाशी इंटरमिजिएटचं सर्टिफिकेट होतं, कडा पिवळ्या पडलेल्या. पोराने ते हातात घेऊन ग्रेड वाचली आणि म्हणाला, "पप्पा, तुम्ही कधी सांगितलं नाही."

मी म्हटलं, "तू कधी विचारलं नाहीस." मग दोघंही हसलो. क्वार्टरच्या व्हरांड्यात जुना प्लायवूड टेकवला, चौकटी पाडल्या आणि 'अ' पासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्याचा 'अ' अकरा वेळा पुसला. त्याने बाराव्यांदा काढला.

जय हिंद.