नाल्याकाठची पानं

१२ मार्च
कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटला निळे पत्रे लागले. बाभळीचे नुसते शेंडे दिसतात आता.

१५ मार्च
बोर्ड लागला. २२ मजल्यांच्या ४ इमारती. महारेरा क्रमांक खाली बारीक अक्षरात. चित्रात आपला नाला नाही. त्या जागी हिरवळ आणि झोपाळे.

१६ मार्च
सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर तेच. कुलकर्णी वहिनी म्हणतात, आपल्या फ्लॅटला भाव येईल. शिंदेकाकांना पाण्याची धास्ती. दोघांचंही खरं आहे.

२४ मार्च
पाणी आज पंचवीस मिनिटं. करंगळीएवढी धार. टँकर मागवला.

३० मार्च
पाडवा. वाकडहून भाचा आला. म्हणाला, “मावशी, ताबा देताना बिल्डर म्हणाला होता, लाइन येईपर्यंत टँकर आमचे. आता दर महिन्याला वर्गणी आम्हीच काढतो.”
रात्री वहीत हिशेब मांडला. माणशी दिवसाला १३५ लिटर, हा सरकारी निकष. एका मजल्यावर ४ घरं धरली तर ३५२ घरं. घरात ४ माणसं. म्हणजे रोजचं १ लाख ९० हजार लिटर. दहा हजारी टँकर १९. आमच्या या बोळातून.

४ एप्रिल
माहिती अधिकाराचा अर्ज दिला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मागितलं: मंजूर नकाशा, नाल्याची हद्द, पाण्याचा दाखला.

५ एप्रिल
२०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. २००६ ची अधिसूचना वाचली. खाणीला, मोठ्या कारखान्याला जनसुनावणी असते. गृहप्रकल्पाला नाही. म्हणजे समोर बसवून आमचं कुणी विचारणार नाही. लिहूनच द्यावं लागेल.

११ एप्रिल
झोप नाही. पत्र्याआड रात्रभर जेसीबी.

१९ एप्रिल
मालनताईंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? भांडी घासता घासता म्हणाल्या, “बांधू द्या की घरं, ताई. धाकटा सेंट्रिंगच्या कामावर जातो, त्याला जवळ काम मिळंल. पाणी तेवढं आमच्या दारात नको.”
त्यांची वस्ती खाली, आपला नाला आंबील ओढ्याला मिळतो तिथे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री सासूला पाठुंगळी घेऊन त्या पत्र्यावर चढल्या होत्या. शहरात आणि आसपास वीसहून अधिक माणसं गेली त्या पुरात. त्या रात्रीबद्दल त्या एवढंच बोलतात. मग नळ जोरात सोडतात.

२ मे
उत्तर आलं. नकाशाची प्रत पन्हाळीसारखी वळलेली. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या तेव्हा कुठे सपाट झाली.
नाला आज प्लॉटच्या मधून तिरका जातो. नकाशात तो कडेला ढकललाय. आमच्या कुंपणाच्या भिंतीला लागून सिमेंटचा चर. दोन ठिकाणी काटकोनात वळण. आत्ताची रुंदी लिहिलेली नाही. चराची लिहिली आहे: ३ मीटर.

३ मे
पहाटे शिंदेकाकांसोबत टेप घेऊन मोरीपाशी. काठ ते काठ ७ मीटर २०. पुढे घाणेरीच्या जाळीत ६ मीटर ८०. काकांच्या चपला चिखलात रुतल्या, टेप सोडला नाही त्यांनी. आमच्या भिंतीवर २०१९ ची गाळाची रेघ अजून आहे. माझ्या खांद्याला लागते.

४ मे
पाणी काटकोनात वळत नाही. समोरच्या भिंतीवर आदळतं. भिंत आमची. ती फुटली नाही, तर लोंढा खाली वस्तीत.
नानासाहेब पेशव्यांच्या काळात आंबील ओढा वळवला, तेव्हा भोवती रान होतं. फुगलं तर पसरायला जागा होती.

१० मे
सोसायटीची सभा. आवाज चढले. कुणी म्हणालं, आपली इमारत झाली तेव्हा मागच्या बंगल्यांनी अडवलं असतं तर? खरंच आहे. घर माणसाला लागतंच. ठराव लिहिताना पहिलं वाक्य तेच घातलं: घरांना आमचा विरोध नाही. मग दोन मागण्या. नाला आहे त्या जागी, आहे त्या रुंदीने राहावा. पाणी कुठून देणार ते ताबा देण्याआधी लेखी मिळावं.
कुलकर्णी वहिनींनी सही केली.

१३ मे
मालनताईंनी वस्तीतून सह्या आणल्या. तीन पानं. निम्म्या ठिकाणी अंगठे.

२० मे
अवकाळी. अर्धा तास जेमतेम. मोरीखाली पाणी तांबडं, फेसाळ. पत्र्याआडचा मातीचा ढीग सरकून नाल्यात आलाय. फोटो काढले, तारखेसह. ठराव आणि सह्यांसोबत महापालिकेत दिले.

२९ मे
महापालिकेचं पत्र. ५ जूनला सकाळी ११ वाजता स्थळपाहणी. काकांनी तीनदा वाचून घेतलं.

५ जून
अभियंता तरुण आहे. आधी घाईत होता. काकांनी टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं. ७ मीटर २० त्याने स्वतः वाचलं, स्वतः लिहिलं. वस्तीतल्या बायका आल्या होत्या. मालनताईंनी त्याला घरात नेऊन पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवलं. बिल्डरचा माणूस म्हणाला, चर मोठा करता येईल. मी म्हटलं, वळणाचं काय? तो नकाशाकडे बघत राहिला.
पाहणी अहवालाची प्रत मागणारा अर्ज तिथल्या तिथे लिहून दिला. पोच घेतली.
सोमवारी मंजुरीच्या अटी घेऊन वकिलांकडे. मालनताई सोबत येणार आहेत.