नानांची वही

प्रत्येक घरात एक व्यक्ती अशी असते, जी सर्वांची काळजी वाहते. पण तिचीही काळजी घ्यायला हवी, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. माझे वडील, आमचे नाना, तसे होते. गेल्या वर्षी चैत्रात ते गेले. नुकतेच वर्षश्राद्ध झाले.

आईला कंपवात जडला तेव्हा नाना नुकतेच सेवानिवृत्त झाले होते. एकदा पायी पंढरपूरला जायचे त्यांच्या मनात होते; तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्याऐवजी एक शंभरपानी वही आणली आणि तीत आईच्या गोळ्यांच्या वेळा लिहू लागले. लेव्होडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यावी, कारण डाळी-दुधातील प्रथिनांमुळे ती नीट शोषली जात नाही, असे डॉक्टरांनी एकदाच सांगितले. पुढे आठ वर्षे नानांनी ती वेळ सांभाळली.

चालताना आईचे पाय अचानक जमिनीला खिळत. या आजारात असे होते. मात्र समोर ओलांडायला रेघ दिसली की अडलेले पाऊल पुष्कळदा सुटते. नानांनी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या. "ही ओलांड. आता पुढची," हा त्यांचा आवाज आमच्या घराची भूपाळीच झाला होता.

मी दर रविवारी फोन करून विचारीत असे, "आई कशी आहे?" नाना वही उघडून सविस्तर सांगत. "आणि तुम्ही?" असे मी क्वचितच विचारले. शेवटच्या काही महिन्यांत जिना चढताना त्यांना धाप लागे, घाम येई. "वय झालं," असे ते म्हणत आणि आम्हीही ते मान्य करीत असू. त्यांना मधुमेह होता. मधुमेहात छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. धाप, घाम, अकारण थकवा एवढीच त्याची खूण असू शकते. हे मला फार उशिरा कळले.

तेराव्यानंतर मी ती वही उघडली. शेवटच्या पानात एक चिठ्ठी होती, सात महिन्यांपूर्वीची. रक्तातील साखर आणि ईसीजी या तपासण्या, नानांच्या नावाने. मागे त्यांच्या अक्षरात लिहिले होते : "हिला एकटी ठेवून कसे जाणार? मुलगी आली की जाऊ."

मधल्या काळात दिवाळी येऊन गेली होती. मी चार दिवस घरी होते.

वाचकहो, नानांच्या त्यागाचे गोडवे गाणे सोपे आहे. पण तुमच्या घरी कोणी रुग्णसेवा करीत असेल, तर रुग्णाआधी एकदा त्यांची चौकशी करा. आठवड्यातून दोन तास तुम्ही रुग्णाजवळ बसा आणि त्यांना मोकळे करा. आणि सेवा करणारे तुम्हीच असाल, तर स्वतःची तपासणी पुढे ढकलू नका. तुमच्या प्रकृतीवर दोन जीव अवलंबून आहेत.

आता आईजवळ मी आणि माझा भाऊ आळीपाळीने राहतो. पट्ट्या तशाच आहेत. वहीही तीच आहे. आईच्या रकान्याशेजारी आम्ही आमचे दोन रकाने आखले आहेत. परवा माझ्या रकान्यात पहिली नोंद झाली.