दुसऱ्या छपराखालची प्रत

आमच्या मराठी विभागाने वर्षानुवर्षे जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या ध्वनिफिती संगणकावर उतरविल्या, तेव्हा चारशे गिगाबाइटचा ऐवज झाला. त्या गाणाऱ्या बायांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. एवढे सारे एका खोलीत, एका हार्डडिस्कवर! ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत झालेली नासधूस ज्याला आठवते, त्या मराठीच्या मास्तराला हे भय समजावून सांगावे लागत नाही. प्रत हवी, आणि ती दुसऱ्या छपराखाली हवी. म्हणून मैदानापलीकडच्या ग्रंथालयात बॅकअप सर्व्हर बसविण्याचे ठरले.

विभागाचे नेटवर्क वेगळे, ग्रंथालयाचे वेगळे, आणि मध्ये राउटर. प्रथम पाहिलेला प्रोग्राम नेटवर्कवर हाक मारून यंत्रे शोधणारा होता. अशी हाक, म्हणजे ब्रॉडकास्ट, राउटर सहसा पलीकडे जाऊ देत नाही. एरवी एका आळीतला गलबला साऱ्या गावाला ऐकावा लागला असता. तेव्हा दोन्ही यंत्रांना कायमचे आयपी पत्ते दिले आणि राउटरवर त्या दोघांपुरते बावीस क्रमांकाचे पोर्ट उघडले. तरी जोडणी होईना. सर्व्हरची विनंती विभागापर्यंत पोहोचत होती; विभागाच्या यंत्राला गेटवे सांगितलेला नसल्याने उत्तर मात्र परत येत नव्हते. (एकतर्फी पत्रव्यवहार मराठी वाङ्मयाला नवा नाही, असो.)

आमचा खरा आग्रह होता तो दिशेविषयी. सर्व्हरने प्रत ओढून घ्यावी, विभागाच्या यंत्राने ती ढकलू नये. ज्या यंत्राला दिवसभर विद्यार्थ्यांचे पेनड्राइव्ह लागतात, त्याला सर्व्हरवर लिहिण्याचा अधिकार दिला तर त्याला जडलेला व्हायरस प्रतीलाही गाठील.

काम आरसिंककडे सोपविले. अँड्रू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. बदललेल्या फाइलचे तुकडे पाडून तो दोन्हीकडचे ताडून पाहतो आणि नवा भाग तेवढाच पाठवितो. शंभर मेगाबिटच्या तारेवरून पहिल्या प्रतीला हिशेबाने नऊ तास. नंतर रोज काही मिनिटे.

येथे आमच्या विषयाचा संबंध आला. जुना लेखनिक चुकत असे, आणि प्रत्येकाची चूक निराळी असे. त्यातूनच पाठभेद उपजत. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अशाच पाठांतरांच्या गर्दीतून. यंत्राच्या नकलेत पाठभेद नाहीत. विभागात एखादी फाइल बिघडली की रात्री त्या बिघाडाची निर्दोष नक्कल ग्रंथालयात तयार! ताडून पाहायला दुसरा पाठच उरत नाही. म्हणून रोजची प्रत तारखेनिशी वेगळी ठेवली. न बदललेल्या फाइलला हार्डलिंकने नुसते आणखी एक नाव मिळते, त्यामुळे जागाही फारशी अडत नाही.

महिन्यातून एकदा आम्ही कोणतीही एक फाइल सर्व्हरवरून परत उतरवून शेवटपर्यंत ऐकतो. मागच्या खेपेस आलेल्या ओवीत बाई मध्येच थांबते, जात्यात मूठभर दाणे टाकते आणि पुढचा चरण घेते. ते सारे जागच्या जागी होते.

मात्र विभाग आणि ग्रंथालय दोन्ही एकाच नदीकाठी आहेत. तिसऱ्या प्रतीसाठी गावाबाहेरच्या एका महाविद्यालयाशी बोलणे चालू आहे.